ताईतातला यजमान

माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडमचं पत्र हातात पडलं तेव्हा मी हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. चार ओळींचं पत्र. ते वाचून होईपर्यंत निम्मा चहा पँटवर सांडला होता आणि मी उभा राहून “आला, आला!” असं ओरडत होतो. शेजारी बसलेले भूगोलाचे सर दचकले. “कोण आला?” “यजमान!” मी म्हणालो. त्यांनी शांतपणे माझ्या पँटकडे बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. माझ्या अशा ओरडण्याची त्यांना सवय होती.

पत्राच्या शेवटच्या दोन ओळी मात्र मी मोठ्यानं वाचल्या नाहीत. मॅडमनी लिहिलं होतं, “महिनाअखेर मी निवृत्त होत आहे. प्रयोगशाळेतले जुने साठे काढून टाकत आहेत, त्यामुळे हा पुन्हा पाठवता येणार नाही. जपा.”

हा यजमान म्हणजे जमिनीतला एक जिवाणू. मूठभर काळी माती उचलली तर तिच्यात त्याचे नातेवाईक लाखांनी सापडतील. आमच्या धंद्यात परक्या जीवाचं जनुक ज्याच्या पोटात ठेवायचं आणि ज्याच्याकडून त्या जनुकाचं प्रथिन बनवून घ्यायचं, त्याला यजमान म्हणतात. माझ्याकडे जनुक तयार होतं. ते मिळालं होतं कनेरगाव नाक्यावरच्या एका धाब्यामागच्या नालीतून. तिथे रोज भाताचं उकळतं पाणी ओतलं जायचं, आणि त्या वाफाळत्या चिखलात एक जिवाणू मजेत राहत होता. एवढ्या उष्णतेतही स्टार्चचे तुकडे पाडणारं प्रथिन त्याच्याजवळ होतं. त्याचं ते जनुक कापून काढण्यात माझ्या दोन वर्षांतल्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. दिवाळीत, उन्हाळ्यात मी मॅडमच्या प्रयोगशाळेत, दूरच्या शहरात. घरचे म्हणायचे, पोरगं सणाला नालीच्या मागे लागलंय.

सगळे करतात तसं आधी ते जनुक ई. कोलाय नावाच्या नेहमीच्या जिवाणूत घातलं. त्यानं प्रथिन बनवलं, नाही असं नाही. पण बनवून पोटातच गोळा करून ठेवलं. कणग्या भरायच्या आणि दार लावून बसायचं, अशा माणसासारखा. ते प्रथिन बाहेर काढायचं तर त्याला फोडावं लागायचं, आणि हाती यायचा निकामी चिकट गोळा. मग एका दुपारी मॅडम म्हणाल्या, “तुम्ही शेतकऱ्याचे ना? मग मातीतलाच यजमान का घेत नाही?”

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. मातीत राहणाऱ्या या बॅसिलस नावाच्या जिवाणूचं अन्न त्याच्या बाहेर पडलेलं असतं, पाला, मुळं, सडलेलं धान्य. ते आत जाईल एवढं लहान नसतं. म्हणून तो आपली प्रथिनं बाहेर फेकतो, अन्न बाहेरच कापतो आणि मग खातो. म्हणजे त्याच्या पोटात माझं जनुक घातलं तर माझं प्रथिनही तो आयतं बाहेर आणून देणार! फोडायला नको, झगडायला नको. शिवाय त्याला उपाशी ठेवलं की भोवती पडलेला डीएनए तो आपणहून आत ओढून घेतो. आमच्या कॉलेजात तेव्हा होतं काय? एक इनक्युबेटर, एक फ्रीज, एक गरम पाण्याचं भांडं आणि निर्जंतुक करायला मोठा प्रेशर कुकर. हिंगोली जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पाट्या नव्या आणि खड्डे जुने. पण उपाशी ठेवायला यंत्र कशाला लागतं? हे काम हिंगोलीत होणार होतं, मी करणार होतो. रस्त्यानं चालताना मी एकटाच हसायचो.

मॅडमजवळ या जिवाणूची एक खास जात होती. तिचं स्वतःचं स्टार्च कापणारं जनुक काढून टाकलेलं होतं. म्हणजे माझं जनुक आत गेल्यावर स्टार्च कापला गेला, तर ते काम नक्की माझ्याच जनुकाचं. आणि पाठवणंही सोपं. जगणं अवघड झालं की हा जिवाणू भोवती जाड कवच करून बी होऊन बसतो, त्याला बीजाणू म्हणतात. असे बीजाणू गाळणकागदाच्या रुपयाएवढ्या चकतीवर वाळवायचे, चकती चांदीच्या कागदात गुंडाळायची आणि साध्या पाकिटातून टपालात टाकायची.

पत्ता मी आमच्या गावाकडच्या, गोरेगावच्या घरचा दिला होता. कॉलेजवर आलेलं टपाल कारकुनाच्या फायलींखाली दबून राहायचं. पाकीट पाठवल्याचं पत्र मात्र मॅडमनी सवयीनं कॉलेजवर टाकलं, आणि ते त्या रिवाजाप्रमाणे बारा दिवसांनी माझ्या हातात आलं होतं.

दुपारचे तास दुसऱ्याच्या गळ्यात घालून मी जीप पकडली. सेनगाव येईपर्यंत मी शेजारच्या म्हाताऱ्याला बीजाणू म्हणजे काय ते समजावून सांगितलं, आणि सेनगाव ते गोरेगाव पुन्हा एकदा. तो बिचारा “व्हय, व्हय” करत राहिला.

घरात वहिनी चुलीपुढे भाकरी करत होती. भाऊ शेतात गेलेला. त्यांची दीड वर्षाची पोरगी ओट्यावर वाटी आपटत बसली होती. गेला महिनाभर तिला दर चार दिवसांनी ताप यायचा. सेनगावच्या डॉक्टरचं औषध चालू होतं, पण वहिनीच्या जिवाला चैन नव्हती.

“वैनी, माझं पाकीट आलं का?” मी चप्पल न काढताच विचारलं.

“आलं की भाऊजी. आठ-दहा दिस झाले,” वहिनी हसून म्हणाली. “कामाला बी लागलं. तवापासून एकदा बी ताप न्हाई.”

मला काही कळेना. तिनं भाकरीच्या हातानंच पोरीकडे बोट केलं. पोरीच्या गळ्यात काळा दोरा होता आणि दोऱ्यात तांब्याची नवीकोरी नळी.

आता खरं सांगतो, चूक माझी होती. महिनाभरापूर्वी वहिनी माझ्या मागे लागली होती की, भाऊजी, तुमी लांब लांब जाता, तिकडच्या दर्ग्यातून लेकराला एक ताईत आणा. मी तेव्हा घाईत होतो. वाद नको म्हणून “हो हो, मागवतो” म्हणालो आणि विसरलो. पुढे माझ्या नावानं लांबच्या शहरातून पाकीट आलं. आमच्या घरात पाकीट कुणाच्याही नावाचं असो, उघडतं सगळं घर. आत चिठ्ठी नाही, काही नाही. चांदीच्या कागदात एक पांढरी गोल चकती, तिच्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरं आणि आकडे. तो जिवाणूच्या जातीचा क्रमांक होता. वहिनीनं चकतीला हात जोडले, घडी करून तांब्याच्या नळीत घातली, सोनाराकडून लाख लावून तोंड बंद करून घेतलं आणि पोरीच्या गळ्यात बांधली. कुणीही हेच केलं असतं.

पण त्या क्षणी मला हे कुठे सुचतंय? माझी दोन वर्षं एका काळ्या दोऱ्याला लोंबकळताना दिसत होती आणि पोरगी ती नळी तोंडात घालून चावत होती. थोडं थांबलो असतो, नीट बोललो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी ओरडलो.

“वैनी, काढा ते! त्यात जंतू हायेत, जंतू! कोट्यानं जंतू हायेत!”

या जंतूंनी कुणाला काही होत नाही, ते शेतातल्या मातीतलेच आहेत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण वहिनी थांबणारी बाई नव्हती. “आगं माय माय! माझ्या लेकराच्या गळ्यात जंतू!” म्हणत तिनं झेप घेतली, एका हिसक्यात दोरा तोडला आणि ताईत चुलीत फेकला.

मी चुलीकडे धावलो. पोरीनं भोकाड पसरलं. चिमटा हाती लागेना, लागला तर ताईत दिसेना. लाकडं ओढली, ठिणग्या उडाल्या, तव्यावरची भाकरी खाली. शेवटी राखेतून ती नळी बाहेर आली आणि सारवलेल्या जमिनीवर गडगडत गेली. लाख उकळून तिचे बुडबुडे येत होते. वहिनी तांब्या घेऊन आली.

“पाणी टाकू नका!”

ती जागच्या जागी थांबली. मी नळीकडे बघत होतो आणि तोंडातून शब्द बाहेर पडत होते. अडाणी, घरात काही ठेवायची सोय नाही, दोन वर्षं गेली माझी, दोन वर्षं. ओट्यापलीकडे शेजारच्या दोघी-तिघी जमल्या होत्या, त्यांच्यादेखत बोललो. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग पोरीला कडेवर घेत इतकंच म्हणाली, “मंग असले जंतू लेकराच्या घरी मागवलेच काहून, भाऊजी?”

नळी निवल्यावर स्टीलच्या डब्यात घातली आणि पाणीही न पिता जीपमध्ये जाऊन बसलो.

कॉलेजात मी पक्कड बर्नरवर तापवून नळी फोडली. घडीची एक बाजू भाजलेल्या पापडासारखी तपकिरी झाली होती. दुसरी बाजू पांढरी होती. बीजाणू किती चिवट असतात हे वर्गात शिकवताना मी छाती फुगवून सांगायचो, उकळत्या पाण्यातून जिवंत निघतात वगैरे. पण चुलीतून? पुस्तकात चूल नव्हती. कागद दोन भाग करून कापला. तपकिरी भाग पोषक पाण्यात टाकला, पांढरा भाग राखून ठेवला. वाटलं, आधी जळलेल्यावर करून बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी गोरेगावचा जीपवाला उभा. आमच्याच गल्लीतला माणूस. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “सर, तुमच्या वैनीनं इचारलं, जगलं का?”

“अजून न्हाई.”

तिसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी गढूळ झालं! गढूळ म्हणजे जीव आहे, वाढतोय. मी बाटली उजेडात धरून नाचलो. त्यातलं थोडं स्टार्चच्या ताटल्यांवर पसरलं. ठिपके उगवल्यावर एकेका ठिपक्याला काडी लावून तीच काडी दोन ताटल्यांवर टेकवली. एक ताटली जपून ठेवायची, दुसरीवर आयोडीन ओतायचं. आयोडीननं स्टार्च निळाशार होतो, आणि जिथे कुणी तो कापून खाल्लाय तिथे पांढरं कडं राहतं. माझा यजमान स्टार्च खात नाही. त्याच्याभोवती कडं नको.

सगळ्यांभोवती कडी होती. एकूण एक.

म्हणजे ते सगळे घरचे होते. पिठातले, अंगणातल्या मातीतले, चकती हाताळली तेव्हा कागदाला चिकटलेले मोकाट बॅसिलस. माझ्या पाहुण्याला मागे सारून आमच्याच शेतातल्या भाईबंदांनी पंगत झोडली होती. मी खुर्चीत बसून राहिलो.

“सर, वैनीनं इचारलं...”

“न्हाई जगलं!” मी खेकसलो. जीपवाल्याचं तोंड पडलं. त्याच्या मागच्या सीटवरच्या बायकाही हळहळल्या. नंतर कळलं की जीपमध्ये रोज हीच चर्चा चालायची. सरांचं कायतरी चुलीत पडलंय आणि सर त्याला जगवून राहिले. कुणाला ते वासरू वाटत होतं, कुणाला कोंबडीचं पिल्लू.

उरला होता तो पांढरा अर्धा तुकडा. या वेळी मी शहाण्यासारखा वागलो. एकाच बाटलीत घातला तर पुन्हा मोकाट मंडळी पुढे धावणार. म्हणून तुकडा थोड्या निर्जंतुक पाण्यात खळखळून धुतला आणि ते पाणी पातळ करून थेट स्टार्चच्या तीसेक ताटल्यांवर पसरलं, म्हणजे प्रत्येकाला आपापली जागा, कुणी कुणाचं ताट ओढायला नको. त्यात आणि त्यांच्या जोडीच्या ताटल्यांत कॉलेजातल्या सगळ्या काचेच्या ताटल्या संपल्या. दोन दिवस मी दर तासाला इनक्युबेटर उघडत होतो. असं उघडू नये, उष्णता जाते, हे मीच पोरांना बजावत असे.

ठिपके उगवले, काडीनं जोडीच्या ताटल्यांवर त्यांची नक्कल घेतली आणि आयोडीन ओतायला लागलो. कडं. कडं. कडं. अकरावी ताटली, बारावी. कडी बघून बघून डोळे दुखायला लागले. एकोणिसाव्या ताटलीवर एका कोपऱ्यात एक ठिपका होता आणि त्याच्या काठापर्यंत निळा रंग भिडला होता. कडं नव्हतं! मी ताटली फिरवली, खिडकीत नेली, चष्मा पुसला. नव्हतं! जोडीच्या ताटलीवरचा त्याचा भाऊ उचलला आणि दुसरी परीक्षा घेतली. मॅडमच्या जातीची आणखी एक खोड होती. एक ठरावीक अमिनो आम्ल अन्नात मिळाल्याशिवाय ती वाढत नाही, मोकाट बॅसिलसला मात्र ते लागत नाही. दोन ताटल्या केल्या, एक त्या अमिनो आम्लाची, एक बिनाआम्लाची. सकाळी पहिली भरलेली आणि दुसरी कोरी करकरीत.

तोच होता. चुलीतून निघालेला माझा यजमान.

मी धावत फाटकाशी गेलो. जीप निघून चालली होती. मी तिच्या मागे पळत ओरडलो, “जगलं! सांगा वैनीला, जगलं!” जीपवाल्यानं ब्रेक मारला आणि खाली उतरून माझ्या पाठीवर थाप दिली. जीपमधल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, तरी वाजवल्या.

पुढचे दिवस मी हवेतच होतो. यजमानाला उपाशी ठेवलं, माझं जनुक बसवलेला, फ्रीजमध्ये जपलेला डीएनए त्याच्या पुढ्यात टाकला आणि स्टार्च व अँटिबायोटिक घातलेल्या ताटल्यांवर पसरलं. ज्यानं डीएनए आत घेतला तोच त्या औषधातून तगणार, कारण औषध पचवायची युक्ती त्याच डीएनएवर लिहिलेली होती. एका ताटलीवर डीएनए न दिलेले नुसते जिवाणू, खात्रीसाठी. सकाळी ती ताटली रिकामी होती आणि दुसरीवर सात ठिपके. आयोडीन ओतलं. निळ्या रंगात सात कडी, ठळक, गोल, माझी! दहा दिवसांपूर्वी जे कडं बघून रडू येत होतं तेच बघून मी कॉलेजच्या शिपायाला मिठी मारली. कनेरगाव नाक्याच्या नालीतलं जनुक मातीतल्या परक्या पोटात बसून काम करत होतं.

मग बाटलीत वाढवलं, जिवाणू खाली बसवले आणि वरचं पाणी बारीक गाळणीतून काढलं. जिवाणू फोडायचं नाव नाही. प्रथिन वरच्या स्वच्छ पाण्यात आपणहून येऊन बसलेलं. गरम खळीत त्याचे थेंब टाकले तर खळ बघता बघता पातळ! मॅडमना तार करावी असं वाटलं. मग एसटीडी बूथवरून फोनच केला. त्या एवढंच म्हणाल्या, “मला माहीत होतं.”

रविवारी पेढे घेऊन गोरेगावला गेलो. जाताना जीपमध्ये वहिनीची माफी मागायचं पाठ करत होतो, पण उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि उत्साहानं पाठांतर पार पुसलं. “वैनी, चुलीवर तांदळाच्या पिठाची दाट खळ करा. गंमत दाखवतो!” वहिनीनं काही न विचारता पातेलं चढवलं. खळ इतकी घट्ट झाली की पळी उभी राहिली. मी खिशातून कुपी काढली.

“ह्यात जंतू?” वहिनी दोन पावलं मागे सरली.

“एक बी न्हाई. गाळून काढलेत. नुसतं त्यांनी बाहेर टाकलेलं पाणी हाय.”

“बराबर? एक बी न्हाई?”

“एक बी न्हाई.”

थेंब टाकले, ढवळलं. पळी हळूहळू कलली आणि पातेल्याच्या काठाला टेकली. खळ ताकासारखी वाहायला लागली. वहिनी पदर तोंडाला लावून बघत होती. “आगं माय,” ती म्हणाली, “हे चुलीतून निघालेल्यानं केलं?” मी मान हलवली आणि तेवढ्यात जमेल तसं सांगून टाकलं, की त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, चूक माझीच होती. ती हसली. “जाऊ द्या भाऊजी. जगलं ना? मला रोज त्याचीच फिकीर व्हती.”

पेढा तिनं हातात घेतला, पण खाल्ला नाही. ओट्यावर गोधडीत पोरगी निजली होती. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली आणि हाताची मागची बाजू पोरीच्या कपाळाला लावली. हात तिथेच राहिला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “एक इचारू का भाऊजी? त्यो तर तुमचा जंतू निघाला. मंग आता लेकराच्या गळ्यात काय बांधू? तीन हप्ते झाले, ताप येतो का म्हणून नुसता हात लावून बसून राहिले.”

तो जगल्याचा निरोप मिळेपर्यंत या बाईनं रोज जीपवाल्याला फाटकाशी उभं करून माझ्या जिवाणूची खुशाली विचारली होती. पोरगी कशी आहे, हे तीन आठवड्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं.